जळक्या वकिलाची साक्ष

वकिली हा माझा धंदा आणि जळणं हा जोडधंदा. दोन्ही मी बुऱ्हाणपूरच्या कोर्टाच्या आवारात, एकाच टेबलावर बसून पस्तीसेक वर्षं करत आलो, आणि खरं विचाराल तर जोडधंदाच जास्त चालला. शेजारच्या टेबलावर नवा पक्षकार येऊन बसला की मी त्याची फी मनातल्या मनात मोजायचो. एखाद्याचा मुलगा जज झाला की मी पेढा खायचो आणि घरी जाऊन ओवा मागायचो. आमची शैला, म्हणजे माझी बायको, ओव्याची डबी हाताशीच ठेवते. "आज कुणाचं काय चांगलं झालं?" एवढंच विचारते.

पण हे सगळं फुटकळ जळणं झालं. अगदी मन लावून, इतर कामं बाजूला ठेवून मी जळलो तो एकाच व्यक्तीवर. ती माझ्या निम्म्याहून कमी वयाची. तिच्याकडे टेबल नव्हतं, सनद नव्हती, आणि ज्या देशाच्या कायद्याचं पुस्तक ती छातीशी धरून हिंडायची, तो देशही कागदोपत्री अजून तिचा नव्हता.

आधी धंद्याविषयी थोडं सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, वकील म्हणजे भांडणारा माणूस. छे! वकील भांडतो वर्षातून दोनचारदा. बाकीचे दिवस तो तारीख घेतो. साक्षीदार आजारी आहे, तारीख द्या. नक्कल मिळाली नाही, तारीख द्या. माझी तयारी झालेली नाही, तारीख द्या. (हे शेवटचं असं उघड म्हणायचं नसतं. "सामने वाले पक्ष ने काग़ज़ देर से दिए, श्रीमान," असं म्हणायचं असतं. आमच्याकडे घरात मराठी, कोर्टात हिंदी आणि बाजारात तोंडाला येईल ते चालतं.) तारीख मागायलाही हात बसावा लागतो. आवाज थोडा पडका हवा, मान किंचित तिरकी, आणि साहेबांची नजर घड्याळाकडे वळेल तो नेमका क्षण साधता आला पाहिजे. यात माझा हात धरणारा आमच्या बारमध्ये कुणी नाही. मला मागून "तारीखवाले" म्हणतात ते मला ठाऊक आहे. पुढून म्हटलं तरी चालेल.

दापोऱ्याच्या सुपडूभाऊंचा बांधाचा दावा माझ्याकडे होता. त्यांची केळीची बाग आणि चुलतभावाची बाग लागून, मधला बांध कुणाचा हे भांडण. मी तो दावा तारखांवर इतका लांबवला, की मधल्या काळात सुपडूभाऊंचा नातू आणि चुलतभावाच्या साडूची नात यांचं जमलं आणि दोन्हीकडच्या पत्रिका मला आल्या. तडजोड लिहून दिली तेव्हा जजसाहेबांनी विचारलं, "वकील साहब, इसमें आपने क्या किया?" मी म्हटलं, "श्रीमान, समय दिया." माझ्या वकिलीतला हा सर्वांत मोठा विजय, आणि यात मी एकदाही युक्तिवाद केलेला नाही.

तर अशा या टेबलापाशी एक दिवस हर्षा आली. सोबत तिचे वडील होते. शनवारा बाजारात एका कापडाच्या दुकानात ते मापं घेतात. सिंधमध्ये, सक्करजवळच्या गावात, ते शाळामास्तर होते. मुलगी लहान असताना कुटुंब घेऊन इकडे आले, ते लांब मुदतीच्या व्हिसावर राहत होते. दर मुदतीला तो वाढवून घ्यायचा. शहर सोडून कुठे जायचं तर आधी पोलिसांच्या परदेशी शाखेत कळवायचं. परदेशी म्हणजे कोण, तर जिचं अर्धं लहानपण इथल्या तापीच्या राजघाटावर पोहायला शिकण्यात गेलं ती ही मुलगी.

"साहब, लड़की एल.एल.बी. कर रही है," वडील हात जोडून म्हणाले. "कहीं बैठने को जगह मिल जाए."

"शादी नहीं करनी?" मी विचारलं. हा माझा ठरलेला विनोद.

वडील खाली बघायला लागले. मुलगी मात्र माझ्या टेबलाकडे बघत होती. तिथे फायलींचा ढीग होता आणि ढिगावर आदल्या दिवशीच्या भज्यांचा कागद.

"करनी है सर," ती म्हणाली. "पहले आपकी फाइलें देख लूँ. फिर सोचूँगी, ज़्यादा मुश्किल क्या है."

मुरलीभाऊ खो खो हसले. मुरलीभाऊ माझे मुन्शी. मुन्शी म्हणजे वकिलाचे हातपाय आणि निम्मी अक्कल. तारखा लक्षात ठेवणं, नकला काढणं, पक्षकाराला चहा पाजून शांत करणं हे सगळं तो करतो. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विनोदाला ते असे हसले नव्हते. माझ्या जळण्याची पहिली ठिणगी तीच.

तिला ठेवून घेतलं ते उदार मनानं नव्हे. मला वाटलं, अक्षर चांगलं असेल, फायली लावेल, आणि पाकिस्तानातून आलेली मुलगी म्हणून बारमध्ये चार लोक बघायला येतील. लोक आले. आठवडाभर बघून गेले. दुसऱ्या आठवड्यात तेच लोक पुन्हा आले, "मॅडम, हे कलम जरा बघता का?" म्हणत.

तिला एकदा विचारलं, "तुला वकिलीच का करायचीय गं? तुमच्यात धंदा करतात की सगळे."

तोवर ती माझ्याशी मराठी बोलायला लागली होती. शिकली होती ती माझ्या दापोऱ्याच्या पक्षकारांकडून, त्यामुळे सिंधी चेहऱ्यातून थेट केळीच्या बागेतली भाषा यायची.

"लहान होते नं सर, तं पप्पा मला घेऊन खिडकीवर जायचे. व्हिसावाल्या. आतला माणूस एक जाड पुस्तक उघडायचा, वाचायचा, आणि मंग सांगायचा, नाही होत. मला वाटे, त्या पुस्तकात आपलं नाव लिहून राहिलं असेल. मंग मोठी झाले, ते पुस्तक वाचलं. आपलं नाव नव्हतंच त्यात."

"मग?"

"मंग वाटलं, हे पुस्तक लिहितं कोण ते बघू. तिथं जाऊन बसू."

कायदा आणि सार्वजनिक धोरण म्हणतात ते हेच, असं तिनं मला नंतर समजावून सांगितलं. आमच्या काळी धोरण फक्त सरकारला असायचं, आणि तेही नसायचं.

मला वकील का व्हायचं होतं, हे तिनं उलट विचारलं नाही, हे बरं झालं. मला काहीच व्हायचं नव्हतं. वडील वकील होते. त्यांचं टेबल रिकामं झालं आणि मी त्यावर बसलो. काळा कोटही त्यांचाच, बाह्या आत दुमडून घेतलेला. ती समोर बसून वाचायची तेव्हा ओठ दाबून, कपाळाला आठ्या घालून वाचायची. जेवायला बसलेल्या भुकेल्या माणसाकडे पोट भरलेल्यानं बघावं, तसा मी तिच्याकडे बघत राहायचो. तिच्या अभ्यासावर मी जळत नव्हतो. तिला लागलेल्या भुकेवर जळत होतो.

पुढं पुढं तर रोजचंच झालं. माझ्याकडे कान असलेला एकच कप होता, बाकी सगळे कप बिनकानाचे. मुरलीभाऊ तो कप तिच्यापुढे ठेवायला लागले. सुपडूभाऊ बांधाचं प्रकरण मिटल्यावरही काहीबाही कामं घेऊन यायचे. आले की टेबलाभोवती नजर फिरवायची.

"मॅडम कुठं गेल्या?"

"मी आहे ना सुपडूभाऊ. बोला."

"तुम्ही तं आहेच हो साहेब. तुम्ही कुठं जाऊ राहिले? मॅडम कुठं गेल्या?"

तिला सनद नव्हती, म्हणजे कोर्टात बोलायचा अधिकार नव्हता. ती माझ्या मागे उभी राहायची आणि मी अडकलो की चिठ्ठी सरकवायची. एकदा जजसाहेब म्हणाले, "वकील साहब, आप ज़रा चिट्ठी ही पढ़ दीजिए, समय बचेगा." कोर्ट हसलं. मीही हसलो. घरी जाऊन ओवा खाल्ला.

मग मी ठरवलं, हिला एकदा दाखवून द्यायचंच. एका केळीच्या व्यापाऱ्याचं प्रकरण होतं. त्यानं अख्ख्या बागेचा सौदा केला, घड कापायच्या वेळी भाव पडला, आणि हा माल उचलायला तयार नाही. मी शेतकऱ्याच्या बाजूनं. हर्षानं जुने निवाडे शोधून, छापून, टेबलावर दोन गठ्ठे करून ठेवले होते. त्या दिवशी ती कॉलेजच्या परीक्षेला गेलेली. मी म्हटलं, तिला न विचारता, चिठ्ठीशिवाय, आज आपण वरच्या कोर्टाचा निवाडा वाचून दाखवू. वरचा कागद उचलला आणि आयुष्यात प्रथमच तारीख न मागता उभा राहिलो. तो निवाडा मी आवाजात चढउतार करून वाचला. मधे एकदा चष्मा काढून हातात धरला. वाचून झालं तसे समोरचे वकील उठले, मला नमस्कार केला आणि म्हणाले, "श्रीमान, मेरे विद्वान मित्र का आभारी हूँ. यही निर्णय मैं पढ़ने वाला था."

तिनं दोन गठ्ठे केले होते ते आपल्या बाजूचे आणि आपल्या विरुद्धचे. मी विरुद्ध गठ्ठ्यातला घेतला होता.

"सर, विचारायचं तरी," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली.

"विचारलं असतं तर मग मी कसला सिनियर?"

पुढच्या तारखेला (हो, ती मात्र मी मागितली) तिनं बरोबर गठ्ठा माझ्या हातात दिला, वर लाल शाईत बाण काढून, की हाच. शेतकऱ्याचं काम झालं. पेढे मात्र तो तिला देऊन गेला.

तिचं धोरण मला प्रत्यक्ष कसं लागलं, तेही सांगतो. मी नोटरीही आहे. शपथपत्रावर शिक्का मारणं हा माझ्यासारख्याचा भरवशाचा आधार. गॅसचं कनेक्शन, शाळेचा प्रवेश, रेशनकार्डातलं नाव, कशालाही लोक शपथपत्र करून नेतात, कारण कुणीतरी खिडकीवर तसं सांगितलेलं असतं. हर्षानं काय करावं? एकेका खात्याचे नियम वाचून काढले, आणि निम्म्या कामांना शपथपत्र लागतच नाही, नुसती सही पुरते, असं शोधून काढलं. तेवढ्यावर थांबली असती तर ठीक. तिनं कचेरीत अर्ज केला, वरच्या साहेबांना जाऊन भेटली, आणि आवाराच्या फाटकावर सरकारी फळा लावून घेतला: या या कामांना शपथपत्राची आवश्यकता नाही. हिंदीत आणि मराठीत. मराठी भाषांतर तिनं माझ्याकडूनच तपासून घेतलं होतं. मला वाटलं होतं, कॉलेजचा निबंध असेल.

फळा माझ्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर. लोक येत, फळा वाचत, माझ्याकडे एक दयेची नजर टाकत आणि निघून जात. सार्वजनिक धोरण म्हणजे जनतेचं भलं आणि नोटरीची दुपारची झोप, अशी व्याख्या मी त्या उन्हाळ्यात केली.

"चांगलं काम केलं पोरीनं," शैला जेवताना म्हणाली. दर रविवारी हर्षा आमच्याकडे जेवायला असायची. ही सोयही शैलानंच लावलेली, मला न विचारता.

"माझ्या पोटावर पाय आला ना पण."

"तुमच्या पोटावर पाय येऊन काही फरक पडलेला दिसत नाही," ती माझ्या पोटाकडे बघत म्हणाली. हर्षा वरणभातात तोंड घालून हसत होती.

ती एल.एल.बी. झाली. पहिल्या वर्गात, हे सांगायला नकोच. आणि इथून पुढची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आपल्याकडे कायदा कुणालाही शिकता येतो, पण वकिलीची सनद मिळते ती नागरिकालाच. ती शिकली होती सगळं; करायला परवानगी नव्हती. नागरिकत्वाचा अर्ज तिनं केव्हाच केला होता. त्यातच दिल्लीच्या एका संस्थेत कायदा आणि धोरण शिकायला तिला प्रवेश मिळाला. कायदे लिहायला मदत करणारी माणसं तिथं घडवतात म्हणे. अट एकच, महिनाअखेरपर्यंत नागरिकत्वाचा पुरावा दाखवायचा. नाहीतर जागा पुढच्याला. आणि नेमकं त्याच महिन्यात तिच्या अर्जाच्या सुनावणीचं पत्र आलं. एकच दिवस. तो चुकला की पुढची बैठक महिना उलटल्यावर.

सुनावणीला एका भारतीय नागरिकाचं शपथपत्र लागतं: मी यांना ओळखतो, यांचं चालचलन चांगलं आहे. आणि या शपथपत्राची आवश्यकता होती. फळ्यावर ते नव्हतं. ती माझ्याकडे आली.

"सर, तुम्ही द्याल?"

"देतो की. त्यात काय."

त्यात बरंच काही होतं. असली शपथपत्रं मी आयुष्यात ढिगानं केली. मजकूर पाठ आहे. ज्यांना पाच मिनिटांपूर्वी पाहिलं अशांनाही मी अनेक वर्षांपासून ओळखतो म्हणून लिहून दिलं. एकाचं चालचलन उत्तम म्हणून लिहून दिलं आणि तो बाहेर पडताना माझीच छत्री घेऊन गेला. पण हिच्या नावापुढे ते दोन शब्द लिहिताना माझं पेन अडखळलं. सही केली तर ही जाणार होती. दिल्लीला, पुस्तक लिहिणाऱ्यांच्या खोलीत. मी कुठं जाणार होतो? माझ्याच टेबलावर.

दोन दिवस कागद तसाच पडून. शैलानं विचारलं, "झालं का हो तिचं?"

"बघतोय. मसुदा नीट हवा."

"तुमचा मसुदा मला माहीत आहे. ओवा घ्या आणि सही करा."

मी ओवा घेतला आणि सही केली.

सुनावणीला कलेक्टर कचेरीत आम्ही तिघं गेलो. ती, तिचे वडील आणि मी. वडिलांचा स्वतःचा अर्ज कुठल्याशा त्रुटीत अडकून मागं राहिला होता, ते नुसते सोबतीला. ते दाराशी उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसेनात. साहेब तरुण होते, चेहरा बरा, पण जेवणाची वेळ झालेली. त्यांनी फाइल उलटली, एका पानावर थांबले. जुन्या राहण्याच्या परवान्याची प्रत होती, शिक्का पुसट.

"ये पन्ना साफ़ नहीं आया," ते म्हणाले. "क्या करें?"

आता मला सांगा, पस्तीस वर्षं ज्याच्या तोंडाला एकच उत्तर बसलेलं आहे, त्यानं काय करावं? आवाज आपोआप पडका झाला. मान आपोआप तिरकी. साहेबांची नजर घड्याळाकडे वळलेली मी पाहिली, आणि माझ्या तोंडून अगदी तालात बाहेर पडलं:

"श्रीमान, अगली तारीख दे दी जाए."

साहेबांना आनंद झाला. "ठीक है, अगले महीने..." म्हणत त्यांनी पेन उचललं. कारकुनानं रजिस्टर ओढलं. माझ्या मागे दाराशी वडील "अगला महीना?" असं पुटपुटले, आणि मला कळलं की मी काय करून बसलोय. शब्द परत घ्यायला तोंड उघडलं, पण तारीख मिळाल्यावर नको म्हणायचं कसं, हे मला येत नव्हतं. कधी वेळच आली नव्हती.

हर्षानं माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मी तिच्या डोळ्यांत पूर्वी पाहिली नव्हती. नंतर ती साहेबांकडे वळली.

"सर, एक मिनट. ये मेरे वकील नहीं हैं."

पेन थांबलं. "तो?"

"ये मेरे गवाह हैं. और गवाह तारीख नहीं माँगता. तारीख माँगने का हक़ मेरा है, और मुझे नहीं चाहिए. असली परमिट मेरे बैग में है, आप मिला लीजिए."

तिनं पिशवीची चेन ओढली. मी एवढी घाई केली नसती तर ती आधीच ओढणार होती. मूळ परवाना प्लास्टिकच्या पिशवीत, कडक, एकही घडी नसलेला. साहेबांनी पुसट पान आणि मूळ पान शेजारी ठेवून पाहिलं. हात लांब करून, डोळ्यांजवळ आणून. घड्याळाकडे नाही पाहिलं.

"ठीक है," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर हसू होतं, पण प्रश्न खरा होता. "तो गवाह साहब, आप ही बताइए. लड़की कैसी है?"

मजकूर पाठ होता. मी यांना अनेक वर्षांपासून ओळखतो, यांचं चालचलन. तो माझ्या तोंडात आलाच होता. पण ज्या तोंडानं तिला नुकतंच बुडवायला काढलं होतं, त्याच तोंडानं छत्रीवाल्याला दिलेले शब्द हिला द्यायचे, हे मला जमेना.

"श्रीमान," मी म्हटलं, "सच बोलूँ? मैं इससे जलता हूँ."

कारकुनानं मान वर केली.

"इसकी पढ़ाई से जलता हूँ. मेरे पक्षकार इसको पूछते हैं, उससे जलता हूँ. मेरा मुन्शी मेरा कप इसको देता है. इसने फाटक पर जो फलक लगवाया, उससे मेरा आधा काम गया, और मैं उसमें एक ग़लती नहीं निकाल पाया. तीन साल से ढूँढ रहा हूँ श्रीमान, कि इसमें कोई खोट मिल जाए तो मुझे चैन पड़े. जितना मैंने ढूँढा, उतना पुलिस ने भी नहीं ढूँढा होगा. नहीं मिली."

बाहेर कुणीतरी चहावाल्याला हाक मारत होतं.

"रोज़ जलते हैं?" साहेबांनी विचारलं.

"इतवार को ज़्यादा. उस दिन ये हमारे घर खाना खाती है."

साहेब मोठ्यानं हसले. "लिखो," ते कारकुनाला म्हणाले, "चाल-चलन उत्तम."

"सर, जलने वाली बात भी लिखूँ?"

"वो रहने दो. वो इनकी निजी संपत्ति है."

मग तिला उभं करून शपथ वाचायला दिली. संविधानाशी निष्ठा, कायद्याचं पालन, नागरिकाची कर्तव्यं. छोटासाच मजकूर आहे. तिनं तो सावकाश वाचला, एकेक शब्द जमिनीवर ठेवत. मी आयुष्यात शेकडो लोकांना शपथा दिल्या, पण ही मला कधी कुणी घ्यायला सांगितली नाही. मला नागरिकत्व जन्मतःच मिळालं होतं, टेबलासारखं. दाराशी वडील डोळे पुसत होते आणि मी, तुम्हाला म्हणून सांगतो, तेव्हाही जळत होतो.

बाहेर जिन्यावर तिनं मला गाठलं.

"सर, तारीख?"

"सवय गं. तोंडाला बसलंय."

"खरं सांगा. सवयीनं मागितली का?"

मी उत्तर शोधलं. प्रामाणिकपणे शोधलं. "मलाच नाही माहीत," मी म्हणालो.

माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि ते बरंच झालं. ते मला सहन झालं नसतं. मग म्हणाली, "चला, शनवाऱ्यात मावा जिलबी खाऊ. तुम्ही खाऊ घालायची. दंड आहे हा."

दंड भरला. पप्पांनी पहिल्यांदाच खुर्चीवर मागं टेकून जिलबी खाल्ली.

प्रमाणपत्र महिना संपायच्या आत आलं. तिची दिल्लीची जागा पक्की झाली, सनदेचा अर्जही गेला. निघण्याच्या आधी एक दिवस ती वडिलांना घेऊन टेबलाशी आली. त्यांच्याही अर्जातली त्रुटी दूर झाली होती आणि सुनावणीचं पत्र आलं होतं. आता त्यांच्या चालचलनाचं शपथपत्र हवं होतं. मी लगेच पेन काढलं.

"काढा मुरलीभाऊ स्टॅम्पपेपर. पप्पांचं मी देतो. आणि साक्षीला आलो तर तोंड शिवून येतो."

वडिलांनी हात जोडले. पण या वेळी हात जोडून ते नाही म्हणाले. "आपने बहुत किया साहब. अब घर में है कोई."

"मी देते सर," हर्षा म्हणाली. "आता मला चालतं. नियम वाचला मी."

वाचला असणारच. माझं पेन तिनं माझ्या हातातूनच घेतलं आणि माझ्याच टेबलाशी बसून मसुदा लिहायला लागली. मजकुराची पहिली ओळ ठरलेली असते. माझ्या हातून ती इतक्यांदा लिहून झालीय की आता ती मला दिसतही नाही. मैं, अमुक तमुक, भारत का नागरिक, निवासी बुरहानपुर.

तिनं लिहिलं: मैं, हर्षा, भारत की नागरिक.

आणि तिथं तिचं पेन थांबलं. ती त्या ओळीकडे बघत राहिली. वडील तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. फाटकाशी माणसं ये-जा करत होती, कुणीतरी मुरलीभाऊंना हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही.

"मॅडम," शेवटी मुरलीभाऊच म्हणाले, "पुढं लिहा ना. साडेचारला नोटरी उठतो."

"थांबा ना मुरलीभाऊ," ती म्हणाली.

नोटरी मीच होतो. मी उठलो नाही.